नंदनदादाचा न कळल्याचा चेहरा

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. चारबाग स्टेशनवरून सरळ घरी आलेय, हातपण धुतले नाहीयेत, आणि मोबाईल घेऊन जिन्यातच बसलेय. कारण आत गेले की आई विचारणार, ‘गेला का गं नंदन?’ आणि मी ‘हाँ, गेला’ म्हणणार, आणि झालं. एवढंच उरेल. म्हणून आधी लिहिते, जेवण नंतर. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

नंदनदादा नात्याने माझा कोणी नाही. तो माझा जपानीचा मास्तर. त्याचे बाबा रेल्वेच्या संशोधन खात्यात, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात, मूळचे भुसावळचे. आम्ही महानगर नावाच्या मोहल्ल्यातले. लखनौत मराठी घरं आहेतच किती, गणपतीत सगळी एकमेकांना सापडतात. तिथेच काकूंनी, म्हणजे दादाच्या आईने, माझ्या आईला सांगितलं की नंदन जपानहून आलाय, नोकरी शोधतोय, तोवर जपानी शिकवतोय. मला तर काय, शाळेपासून जपानी कार्टूनं बघायचं वेड. दुसऱ्याच दिवशी मेट्रोने आलमबाग, तिथून ई-रिक्षा, आणि मी त्यांच्या दारात.

दारात चप्पल काढून आत गेले तर हा माणूस ‘ये’ नाही, ‘बस’ नाही, सरळ बाहेर गेला, वाकला, आणि माझ्या चपला उचलून तोंडं बाहेरच्या बाजूला करून नीट जोडीने लावल्या.

मी म्हटलं, ‘अरे भैया, रहने दीजिए ना!’

‘निघताना सोपं जातं,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, ‘मराठी येतं ना तुला?’

‘हाँ, समझ में तो सब आता है।’

‘समजतं म्हणजे येतं. येतंय ना? मग बोल.’

हे त्याचं वाक्य. दिवसातून कितीदा म्हणायचा देव जाणे. मला मराठीसाठी, शादाबला जपानीसाठी. शादाब म्हणजे माझ्याबरोबर शिकणारा दुसरा, आलमबागचाच, जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम मिळतं म्हणून शिकायला आलेला. क्लासचा नियम एकच होता. जपानी बोला, नाही जमलं तर आपापल्या घरची भाषा बोला, पण इंग्रजी नाही. इंग्रजी शब्द आला की दादाचा चेहरा असा व्हायचा जणू कोणी देवाच्या पाटावर पाय ठेवला. आज मी तुमच्याशी मराठीत एवढं धडाधड बोलतेय ना, ते त्याच्यामुळे. त्याआधी मी आईला ‘पानी’ म्हणायचे.

त्याच्या सवयी सांगू? फोनवर बोलताना वाकायचा. समोरचा दिसत नसतानासुद्धा. गॅसवाल्याचा फोन आला तरी ‘हाय, हाय’ करत कमरेतून वाकायचा, जपानीत ‘हाय’ म्हणजे हो. गॅसवाला घाबरून विचारायचा, ‘भैया, तबियत तो ठीक है?’ घरभर त्याने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, फ्रिजवर, कुंडीवर, काकूंच्या मिसळणाच्या डब्यावरसुद्धा, जपानी नावांच्या. काकू म्हणायच्या, ‘हळद काढायला गेले की आधी परीक्षा द्यावी लागते मेली.’ पण काकूंनी एक वाक्य मात्र शिकून घेतलं होतं. संध्याकाळी काका ऑफिसातून आले की त्या ओट्यापासूनच ओरडायच्या, ‘ओत्सुकारेसामा!’ म्हणजे दमलात, खूप काम केलंत, झालं आता. तिकडे काम संपलं की सगळे एकमेकांना असं म्हणतात. काका म्हणायचे, ‘चहा टाका आधी, सामा नंतर.’

आणि पंप. हे सांगितलंच पाहिजे. क्वार्टरच्या मागे पाण्याचं पंपघर आहे. दादा मेकॅनिकल इंजिनिअर. तिथून जाताना तो हमखास थांबायचा, मान तिरकी करून ऐकायचा, आणि म्हणायचा, ‘बेअरिंग जायला आलंय.’ आम्ही हसायचो. त्याचं वेडच ते. मोबाईलमध्ये लोकांचे फोटो कमी आणि पंपांचे जास्त. जपानमध्ये डोंगराकडच्या एका गावाजवळ पंप बनवणारी कंपनी आहे, त्याच्या बसच्या खिडकीतून रोज तिचं गेट दिसायचं. ‘निळे ओव्हरऑल घालून सगळे सकाळी गेटपाशी व्यायाम करतात,’ सांगताना त्याचा आवाज बदलायचा. लोक फुजी पर्वताबद्दल सांगतात, हा गेटबद्दल सांगायचा.

मग हा बसमधून जायचा कुठे? शाळेत. इंग्रजी शिकवायला. इथून इंजिनिअर म्हणून कोणी घेईना, पण सगळं शिक्षण इंग्रजी मीडियममध्ये झालेलं, त्यामुळे इंग्रजीचा मास्तर म्हणून व्हिसा मिळाला. त्याचा हिशोब सरळ होता. तिथे जायचं, जपानी पक्कं करायचं, मग कारखान्यात शिरायचं. संध्याकाळी रॉकेलच्या हीटरजवळ बसून तो जपानी घोटायचा आणि दिवसभर शाळेत...

दिवसभर शाळेत त्याला जपानी येतच नाही असं दाखवायला लागायचं.

मला पहिल्यांदा हे कळलंच नाही. म्हटलं, ‘म्हणजे?’

‘म्हणजे नियम. मुलांना कळलं की सरांना जपानी समजतं, तर ती इंग्रजी कशाला बोलतील? म्हणून वर्गात, जेवताना, मैदानावर, कुठेच जपानी बोलायचं नाही. आणि समजलं असं चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही.’

‘ऐसा कैसे... असं कसं जमतं?’

त्याने करून दाखवलं. काय सांगू तुम्हाला! ओठांवर हलकं हसू, भुवया थोड्या वर, डोळे मऊ, आणि आत काहीही नाही. दुकानातल्या कपडे घातलेल्या पुतळ्यासारखं. शादाबने मुद्दाम जपानीत काहीतरी चावट म्हटलं, तरी पापणी हलली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या! खरंच वाजवल्या. शादाब म्हणाला, ‘भाईजान, आप तो एक्टर हैं, कसम से।’

दादा हसला नाही. तो म्हणाला, एकदा जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी त्याच्या शेजारी बसली होती. ती मैत्रिणीला जपानीत सांगत होती की आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, बाबा काही सांगत नाहीत, घरी गेलं की स्वयंपाकघरात दिवाच नसतो. हे सगळं त्याच्या कानाशी. मग मैत्रीण उठून गेली आणि ती मुलगी एकटीच राहिली. दादाने काय करावं? तो म्हणाला, ‘हाऊ आर यू टुडे?’ आणि ती ताडकन सरळ बसून म्हणाली, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’

‘मी म्हटलं, आय अ‍ॅम फाइन टू,’ दादा म्हणाला, आणि आम्हाला धडा उघडायला सांगितला.

कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत त्याने जपानीची सगळ्यात वरची परीक्षा पास केली. पण जिथे अर्ज करावा तिथून एकच उत्तर. तुम्ही इंग्रजी शिकवता ना? आमच्या ओळखीच्या शाळेत जागा आहे बघा. मग व्हिसा संपला आणि तो लखनौत आला. दिवाळीच्या सुमाराला काका रिटायर होणार, क्वार्टर सोडायचं, भुसावळला जायचं. दादाचं ठरलेलं होतं, क्वार्टर सुटायच्या आत कारखान्यात नोकरी. कारखान्यातच. इंग्रजी नाही. ‘भुसावळला गेलो की संपलं,’ तो म्हणायचा. ‘तिथे मी जपानी बोलणार कोणाशी, म्हशीशी?’

आणि अख्ख्या लखनौला त्याच्याकडून इंग्रजीच हवं होतं! शेजारच्या वर्माआंटी, ‘बेटा, हमारे गोलू को थोड़ी स्पोकन इंग्लिश करा दो।’ इथल्या कपूरथला चौकातले एक कोचिंगवाले तर मिठाईचा डबा घेऊन घरी आले. म्हणाले, ‘सर, आपका फोटो लगाएँगे, नीचे बड़ा-बड़ा लिखेंगे, जापान रिटर्न!’ दादाने वाकून नमस्कार केला, मिठाई परत दिली आणि त्यांचे बूट दाराकडे तोंड करून लावून दिले.

काकू चिडल्या. ‘अरे तात्पुरतं कर की! काही पाप आहे का ते?’

‘आई, मी इंग्रजीतून बाहेर पडायला जपानी शिकलो. आता परत त्याच विहिरीत उडी मारू?’

अर्ज चालूच होते. उत्तरं यायची. जपानमध्ये कंपनी नाही म्हणताना सरळ नाही म्हणत नाही. शेवटी लिहितात, तुमच्या पुढच्या वाटचालीसाठी आम्ही प्रार्थना करतो. तिकडची पोरं अशा उत्तराला ‘प्रार्थना’च म्हणतात. पहिली आली तेव्हा काकूंनी विचारलं, ‘काय लिहिलंय?’ दादाने शब्दाला शब्द सांगितलं, ‘ते माझ्यासाठी प्रार्थना करतायत.’ काकू इतक्या खूष झाल्या! देवापुढे निरांजन लावलं, आम्हाला शिरा दिला. ‘परकी माणसं, पण बघ किती माया.’ दादाने त्यांना खरं सांगितलं नाही, आम्हीपण शिरा गिळला. मग दुसरी आली, मग येतच राहिल्या. एक दिवस काकूंनी आपणहून विचारलं, ‘नंदन, एवढी प्रार्थना करणारी माणसं नोकरी का रे देत नाहीत?’ तेव्हापासून प्रार्थना आली म्हणून निरांजन लागलं नाही, शिराही झाला नाही.

आणि मग उन्हाळ्यात ती मेल आली. पंपवाल्या कंपनीची. तीच, गेटवाली. मुलाखत व्हिडिओवर.

जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणून मुलाखत इथल्या भल्या सकाळी. उन्हाळ्यात आमचा क्लास उन्हाआधीच असायचा, आणि मी आणि शादाब त्या दिवशी अजूनच लवकर पोचलो, राहवेना ना यार. काकूंनी आम्हाला दाराशीच धरलं आणि स्वयंपाकघरात कोंबलं. कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही. काका बाहेर फाटकापाशी उभे, दूधवाल्याने हाक मारू नये म्हणून. पडद्याच्या फटीतून दादा दिसत होता. काळा कोट, टाय, खाली घरातला पायजमा, आणि पंखा बंद, आवाज येतो म्हणून. मानेवरून घाम वाहत होता.

आणि काय बोलत होता! मला निम्मं कळत होतं, पण लय कळते ना. समोर एक बाई आणि दोन पुरुष होते. ते विचारत होते आणि दादा बेअरिंगबद्दल, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा त्याबद्दल सांगत होता, हातांनी दाखवत होता. ते हसत होते. खरं हसू. शादाबने माझा हात इतका दाबला की दुखला. काकू काहीतरी पुटपुटत होत्या, मला वाटतं रामरक्षा.

मग त्यातला म्हातारा साहेब बाजूच्या माणसाकडे वळला आणि खालच्या आवाजात, आपसात बोलतात तसं, जपानीत म्हणाला, ‘इतकी वर्षं मास्तरकी केली, आता कारखान्यात टिकेल का हा? त्यालाच विचारू या.’ मग स्क्रीनकडे वळून, ‘काय हो, टिकाल का?’

आणि दादाचा चेहरा...

तो चेहरा आला. तोच. हलकं हसू, भुवया वर, डोळे मऊ, आत काही नाही. जपानी लोक त्याच्यासमोर त्याच्याबद्दल आपसात बोलतायत म्हणजे त्याला कळता कामा नये, ही इतक्या वर्षांची सवय. तो हसत बसून राहिला. म्हातारा साहेब वाट बघतोय. मला ओरडावंसं वाटलं, दादा, बोल ना! तुला विचारलंय! मग त्या बाईंनी, बिचाऱ्या खूपच चांगल्या होत्या, हळूच इंग्रजीत प्रश्न पुन्हा विचारला.

आणि दादाने इंग्रजीत उत्तर दिलं. अस्खलित. मास्तर देतात तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

पुढची सगळी मुलाखत इंग्रजीत झाली. त्यांना वाटलं असणार, आधीचं सगळं पाठ करून आला होता.

दादाने लॅपटॉप मिटला. काकूंनी पडदा सारला, ‘काय रे, कसं झालं?’ तो म्हणाला, ‘पंखा लाव.’ मग टाय सोडता सोडता आमच्याकडे बघून म्हणाला, ‘मला कळत होतं. सगळं कळत होतं.’ शादाब म्हणाला, ‘हमें पता है भाईजान।’ त्या दिवशी क्लास झाला नाही. आम्ही निघालो तेव्हा आमच्या चपला आम्ही सोडल्या होत्या तशाच वेड्यावाकड्या पडलेल्या होत्या.

त्याच आठवड्यात पंपघर बंद पडलं. बेअरिंग गेलं होतं. क्वार्टरभर बादल्या घेऊन धावाधाव, टँकर आला, रांग लागली. दादा बादली घेऊन रांगेत उभा होता. ‘मी म्हटलंच होतं’ एवढंसुद्धा म्हणाला नाही.

आणि मग कंपनीचं उत्तर आलं. यावेळी प्रार्थना नव्हती. इंजिनिअरच्या जागेसाठी नाही, पण आमच्या कामगारांना इंग्रजी शिकवाल का? परदेशी ऑर्डरी वाढल्यात. राहायला जागा देऊ, व्हिसा करू. एकच विनंती. कारखान्याच्या आवारात फक्त इंग्रजी बोलावं. तुम्हाला थोडंफार जपानी येतं हे कामगारांना न कळलेलं बरं.

थोडंफार!

मी म्हटलं, ‘जाऊ नकोस.’ शादाब म्हणाला, ‘जाइए, अंदर से रास्ता निकलेगा।’ काका जुन्या वर्तमानपत्रांत भांडी बांधून ठेवत होते, भुसावळला न्यायचं सामान. दादाने घरभरच्या चिठ्ठ्या एकेक काढायला घेतल्या. फ्रिजची काढताना म्हणाला, ‘गेट तरी तेच आहे.’ ते ऐकून मला जे झालं ना, ते लिहिता येत नाहीये.

आज गेला. दिल्लीची दुपारची गाडी, तिथून विमान. काकूंचे गुडघे दुखतात आणि काकांच्या ऑफिसात आवराआवरी, म्हणून मी आणि शादाब पोचवायला. दारात काकूंनी हातावर दही दिलं, तोंडावरून हात फिरवला, आणि त्यांना येणारं एकमेव जपानी वाक्य बोलल्या, ‘ओत्सुकारेसामा.’ निघणाऱ्याला ते म्हणत नाहीत. ते काम संपल्यावर म्हणतात. एरवी आमचा एक उच्चार चुकला तर धडा थांबवणाऱ्या दादाने ते दुरुस्त केलं नाही. वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलली.

चारबागला ही गर्दी. शादाब पाण्याची बाटली आणायला गेला. मी आणि दादा बॅगेजवळ उभे. तेवढ्यात दोन म्हाताऱ्या बायका आमच्याजवळ येऊन थांबल्या. एकसारख्या पांढऱ्या टोप्या, गळ्यात ओळखपत्रं. जपानी! श्रावस्तीला जाणारे असे गट इथून जातात, बुद्धाचं ठिकाण ना. यांचा गट पुढे निघून गेला होता आणि या चुकल्या होत्या. एकीच्या हातात चुरगळलेला नकाशा होता. ती दुसरीला म्हणाली, आणि मला सगळं कळलं, सगळं, ‘बस कुठे उभी असेल? गाईड कुठे गेला? या मुलाला विचारू या का?’ दुसरी म्हणाली, ‘त्याला आपलं कसं कळणार?’

मी आनंदाने दादाकडे वळले. मला वाटलं, आता! आता बघा कशा दचकतात!

दादाच्या तोंडावर तो चेहरा होता.

तो थांबला. त्या इंग्रजी शब्द गोळा करेपर्यंत थांबला. ‘बस,’ ती म्हणाली, ‘बस... प्लीज... व्हेअर?’ मग दादा सावकाश, सुटं सुटं बोलला, ‘हॅलो. कॅन आय हेल्प यू?’ मेन गेटकडे हात दाखवला, बोटांनी चालल्यासारखं करून दाखवलं, लांबवर त्यांच्या टोप्यांसारख्या टोप्या दिसत होत्या त्या दाखवल्या. त्या बायका वाकल्या, पुन्हा पुन्हा वाकल्या. जाता जाता नकाशावाली दुसरीला म्हणाली, ‘किती प्रेमळ चेहरा आहे गं. जपानी येत असतं तर जरा बोललो असतो.’

त्याने ऐकलं. पापणी हलली नाही.

माझ्या ओठांवर त्याचंच वाक्य आलं. येतंय ना? मग बोल. मी उगाच त्याच्या बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला. तो म्हणाला, ‘घरी राहून सवय सुटली होती. परवापासून लागणारच, आत्तापासूनच लावतो.’

गाडी लागली. शादाब धावत आला, बॅग चढवली, जपानीत मोठ्याने ‘जपून जा!’ ओरडला. सगळा डबा बघायला लागला. दादा दाराशी उभा होता. त्याने शादाबकडे बघून हलकं हसू आणलं, भुवया थोड्या वर केल्या. ते खरं हसू होतं की ते दुसरं, मला ओळखता आलं नाही. मग गाडी हलली.

आई हाक मारतेय. जाते. पण मला सांगा ना, तुमचं कधी असं झालंय? जी गोष्ट तुम्ही जीव ओतून शिकलात, ती येतच नाही असं दाखवून पोट भरायला लागलंय का कधी? आणि मग कोणी खरोखरच विचारायला आलं, तेव्हा तुमच्या तोंडून काय निघालं?